रातांब्याचा जबाब

धाकूशेठनी मला झाडाचा वकील नेमलं तेव्हा मी पायजम्यात नाडी ओवत होतो. नाडी अर्ध्यावर असताना माणूस कशालाही हो म्हणतो, कारण त्याची मान तेवढी मोकळी असते.

"तू ठाण्याला त्या वकिलाकडं हायेस ना?" ते दारात उभे राहून म्हणाले.

"लिहायला आहे. बोलतात ते."

"पन दुसऱ्याच्या वतीनं कसं बोलतात, ते रोज आयकतंस."

"ऐकतो."

"मंग गुरवारी गिराणात रातांब्याच्या वतीनं तू बोल."

गिराण म्हणजे ग्रहण, एवढं मला कळलं. मी नाडी ओढून घेतली आणि त्यांना आत बसायला सांगितलं. ते आत आले असते तर मला बाहेर जावं लागलं असतं, एवढीच माझी खोली. म्हणून ते उंबऱ्यावर टेकले.

खोली म्हणजे त्यांच्याच पडवीचा कूड घालून तोडलेला तुकडा. पूर्वी तिथे मिठागरावरची फावडी आणि टोपल्या असायच्या. मिठागर सुटलं, फावडी कोपऱ्यात गेली आणि जागा रिकामी नको म्हणून गणपतीनंतर मी आलो. खिडकी नव्हती. तिच्या जागी मी कॅलेंडर लावलं होतं. ऑक्टोबरात त्यात एक सरोवर होतं. पान उलटलं तर गाय निघाली. तेव्हापासून माझ्या खिडकीतून गाय दिसायची, आणि ती कुठेही जात नसे. डोंबिवलीजवळच्या या कोपर गावात आल्यापासून माझ्याकडे एकच पाहुणा आलेला, तोही पलीकडच्या आळीत जाताना चुकून. मी त्याला चहा दिला. चूक कळल्यावरही तो बराच वेळ बसला. पुन्हा काही तो चुकला नाही.

तर रातांबा. घराच्या मागे, विहीर आणि गोठा यांच्या मध्ये तो उभा होता. उंच, काळपट हिरवा, मिटलेल्या छत्रीसारखा. धाकूशेठच्या बायकोने, सगुणाबाईंनी, तो लावला होता. माशाच्या कालवणाला आमसुलं विकत आणावी लागतात याचा त्यांना राग यायचा. मिठाला आपण कधी बाजारात गेलो नाही, मग आंबटाला का जायचं, असं त्यांचं म्हणणं. कोकणातून आलेल्या कोणा बाईकडून त्यांनी बी मिळवलं आणि पुरलं. झाड झालं. दर थंडीत ते फुलायचं आणि सगळी फुलं खाली टाकून द्यायचं. एक रातांबा कधी धरला नाही.

जे झाड फळत नाही त्याला ग्रहणात जाब विचारायची रीत आमच्या गावीही आहे, त्यामुळे मला फार समजावून सांगावं लागलं नाही. एकाने कोयता घेऊन पुढे उभं राहायचं आणि विचारायचं, फळतंस का तोडू? दुसऱ्याने झाडामागे लपून झाडाच्या वतीने कबूल करायचं, फळतो बाबा, तोडू नको. मग कोयत्याची उलटी बाजू खोडावर आपटायची आणि आंघोळीला जायचं. झाड त्यानंतर घाबरून फळतं असा अनुभव आहे. कोणाचा अनुभव, हे मात्र कोणी सांगत नाही.

"सगुणा बोलायची," धाकूशेठ म्हणाले. "पन्नासच्या गिराणात बोलली. मंग त्रेपन्नच्या पहाटे बोलली. देते, देते, असा शब्द दिला तिनं."

"आणि झाडाने?"

"झाडानं मोडला."

सगुणाबाई पंचावन्नच्या पावसात तापाने गेल्या. त्यानंतर खग्रास ग्रहण आलं ते एकदम या मे महिन्यात, पहाटेचं. धाकूशेठ कोयता घेऊन एकटेच मागे गेले, उभे राहिले आणि विचारलं.

"मंग?" मी त्यांच्यासारखंच विचारलं.

"मंग काय. कोन बोलनार? उजाडंपरेंत उभा व्हतो. मंग म्हशीचं दूध काढायचं व्हतं."

ते उठले. जाताना म्हणाले, "या टायमाला नीट बोल. नाथा तोडायला बसलाय."

नाथा हा त्यांचा मुलगा. डोंबिवली वाढत होती, मुंबईत जागा न मिळालेली माणसं खोल्या शोधत थेट कोपरपर्यंत चालत यायची, आणि नाथाला मागच्या जागेत चाळ बांधायची होती. चाळीची एक भिंत नेमकी रातांब्यातून जात होती. बापलेक यावर पावसाळाभर भांडले, पण बोलून नाही. एकाने विटा आणून टाकायच्या, दुसऱ्याने त्यावर गोवऱ्या थापायच्या, असं ते भांडण चाले. शेवटी नाथाची बायको तुळसा हिने मध्ये पडून तोड काढली. गुरुवारी, त्रिपुरी पौर्णिमेला, खग्रास ग्रहण आहे. झाडाला शेवटचं विचारा. फळतो म्हणालं तर नाथा मेपर्यंत थांबेल. नाही म्हणालं किंवा गप्प राहिलं तर शुक्रवारी सकाळी लाकूडतोडे येतील. नाथा समजूतदार माणूस होता, त्याने ते मान्य केलं. झाडाच्या शब्दावर एवढा विश्वास मी कोर्टातही पाहिलेला नाही.

बुधवारी संध्याकाळी धाकूशेठ कंदील घेऊन आले. ग्रहण म्हणजे होतं काय, ते त्यांना एकदा नीट बघायचं होतं. राहूचं त्यांना माहीत होतं, पण ज्याच्यापुढे उद्या कोयता घेऊन उभं राहायचं त्याची दुसरी बाजूही कळलेली बरी, असं ते म्हणाले.

मी कंदील कॅलेंडरच्या बाजूला ठेवला, तो सूर्य. मध्ये पाण्याचा तांब्या, ती पृथ्वी. पलीकडे एक लिंबू हातात धरलं, तो चंद्र. लिंबू तांब्याच्या मागे नेलं तसं ते अंधारात गेलं.

"राहू कुठं?"

"राहू नाही. ही तांब्याची सावली. उद्या चंद्रावर आपलीच सावली पडणार."

"आपली म्हंजे?"

"पृथ्वीची. सगळ्यांची मिळून."

धाकूशेठनी तांब्याकडे बराच वेळ पाहिलं. "यात कोपर कुठं?"

मी तांब्याच्या काठाजवळ बोट ठेवलं. त्यांनीही तिथे बोट ठेवून पाहिलं, ओलं होतं.

"आनि गेलेल्या मानसांची सावली? ती पडतं का यात?"

"नाही. जे आहेत त्यांचीच."

"मंग आमच्याकडची कमीच पडनार," ते म्हणाले. मग त्यांना आठवलं तसं विचारलं, "पन गिराणात तो लाल दिसतो. सावली तर काली असतं."

हे मला वर्तमानपत्रातून कळलेलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. मी सांगितलं, की पृथ्वीभोवती हवा आहे. तिच्यातून थोडा उजेड वाकून सावलीत शिरतो. त्या क्षणी जगात जिथे जिथे सूर्य मावळत असतो आणि जिथे जिथे उगवत असतो, त्या सगळ्यांची लाली चंद्रावर जाऊन पडते.

"सगल्यांची?"

"सगळ्यांची."

"बरीच व्हईल," म्हणून त्यांनी कंदील उचलला. चंद्र माझ्याच हातात राहिला. तो मी दुसऱ्या दिवशी वरणावर पिळणार होतो.

पण दुसऱ्या दिवशी वरण नव्हतं. सकाळपासून वेध लागले आणि खाणावळीच्या दारावर पाटी लागली. ठाण्याला गेलो तर आमच्या वकीलसाहेबांची रास मेष, आणि ग्रहण मेषेतच. त्यांनी दुपारच्या सगळ्या तारखा पुढे घेतल्या आणि घरी जाऊन पाटावर बसले. कचेरीत मी, एक मांजर आणि एक अशील उरलो. अशिलाला ग्रहणाचं काही नव्हतं. त्याला घटस्फोट हवा होता. दुपारी मी परत आलो.

तुळसाने घरातल्या प्रत्येक वस्तूवर तुळशीचं पान ठेवलं होतं. पाण्याच्या हंड्यावर, लोणच्याच्या बरणीवर, दुधावर. माझ्या खोलीतही ती ठेवून गेली होती. माझ्याकडे खाण्याचं काही नसल्यामुळे तिने ते माझ्या उशीवर ठेवलं होतं.

विहिरीवर नाथा भेटला. तो पोहरा सोडत होता, पण पाणी काढत नव्हता.

"परभाकर, तुला कायबी खोटं बोलायचं नाय," तो म्हणाला.

"बरं."

"गप ऱ्हायचं, बस. मे मैन्यात झाड गप व्हतं. बाबा इचारत व्हता, मी आतनं आयकलं. आज पन गप ऱ्हाऊंदे. चाळ झाली का कोपऱ्याची खोली तुझी. उगवतीकडं खिडकी ठेवतो."

झाडाच्या वकिलाला लाच देण्याचा मुंबई राज्यातला हा पहिलाच प्रकार असावा. द्वैभाषिक झाल्यापासून तरी. मी काही बोललो नाही. न बोलण्याबद्दलच लाच असल्यामुळे तो माझा होकार धरला गेला.

मला खिडकी हवी होती. हे इथेच सांगून टाकतो. उगवतीकडची खिडकी असलेल्या खोलीत माणूस आईला पत्र पाठवू शकतो, की ये, चार दिवस राहून जा. गायीच्या कॅलेंडरखाली तिला कुठे निजवणार?

अशिलाला एकदा भेटून घ्यावं म्हणून मी रातांब्याकडे गेलो. झाडाला नुकत्या कळ्या धरल्या होत्या आणि चार-दोन फुलं उमललीही होती. मी एक फूल खुडलं, उलटून पाहिलं. दुसरं खुडलं. मग खाली पडलेली पाहिली. फुलांच्या मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका होता, बाकी काही नाही.

कोकणातल्या आमच्या घरामागे रातांबे आहेत, त्यातला एक असाच. रातांब्यात नर वेगळा आणि मादी वेगळी. मादीच्या फुलात मधोमध हिरवा मणी असतो, त्याचं फळ होतं. नराच्या फुलात नुसता झुबका. बी पुरताना काय निघेल ते कळत नाही. वाढून फुलेपर्यंत त्यालाही माहीत नसतं. आमच्याकडच्या नराला आई 'भावोजी' म्हणते, कारण तो नुसता उभा असतो आणि त्याच्या अंगावर कपडे वाळत घालावे लागतात.

कोकणात हे कोणालाही कळलं असतं. पण कोपरला दुसरा रातांबाच नव्हता. कोपरच्या माणसांनी एका पुरुषाला इतकी वर्षं कोयता दाखवून मूल मागितलं होतं.

मी ते फूल खिशात ठेवून घराकडे वळलो. धाकूशेठ ओट्यावर कोयत्याला धार लावत होते. आंघोळ करून त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला तेल लावलं होतं. तोंडाने ते काहीतरी पुटपुटत होते. जवळ गेल्यावर कळलं, की ते प्रश्नाची तालीम करत होते. मला म्हणाले, "सगुणा डाव्या अंगाला उभी ऱ्हायची." मी म्हणालो, मीही डाव्या अंगाला उभा राहीन. खिशातलं फूल खिशातच राहिलं.

चंद्र कल्याणच्या बाजूने वर आला तो पुरा आला, आणि थोड्याच वेळात त्याची खालची कड मळल्यासारखी दिसू लागली. एरवी त्रिपुरीला आळीत दिवे लागायचे. यंदा पंचांगावरून दोन मतं पडली आणि दोन्ही मतांनी दिवे लावले नाहीत. आम्ही मागच्या अंगणात बसलो. धाकूशेठ खाटेवर, नाथा विहिरीच्या काठावर, तुळसा आत, पण दार उघडं ठेवून. मी विटांवर, जिथे गोवऱ्या नव्हत्या तिथे.

सावली चढत होती. धाकूशेठनी हात वर केला आणि बोटं हलवली.

"दिसतं काय?"

"नाही."

त्यांनी कोयता वर धरला. "आथा?"

"नाही. फार लांब आहे."

"यवढी मानसं मिळून यवढी सावली," ते म्हणाले, "आनि यकाचीबी वळखू येत नाय."

नाथाने आकाशाकडे बघत विषय काढला. रशियाने त्याच आठवड्यात एक कुत्री वर पाठवली होती. गोळ्यात बसवून सोडली, ती पृथ्वीभोवती फिरतेय, असं पेपरात होतं. आज उजेड कमी आहे तर ती जाताना दिसेल, असं नाथाला कोणीतरी सांगितलं होतं.

"खाली कवा येनार?" धाकूशेठनी विचारलं.

"खाली आणायची सोय केलेली नाही," मी म्हणालो.

"संगती कोन हाय तिच्या?"

"कोणी नाही."

"भुंकली तर?"

आम्ही थोडा वेळ वर बघत बसलो. कुत्री दिसली नाही. गावातली कुत्री मात्र एकेक करून गप्प झाली.

मग शेवटची उजळ कड विझली आणि चंद्र लाल झाला. तांबडा नव्हे, निखारा राखेखालून दिसतो तसा. वाडीत अजून वीज यायची होती, त्यामुळे अंधार पुरा पडला. लांब स्टेशनकडे कोणीतरी घंटा वाजवत होतं.

"ऊठ," धाकूशेठ मला म्हणाले.

मी झाडामागे डाव्या अंगाला जाऊन उभा राहिलो. खोड माझ्यापेक्षा बारीक होतं. दोन्ही बाजूंनी मी दिसत होतो. पण मी दिसत नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं होतं, आणि ते त्यांना जड गेलं नाही. गणपतीपासून सवय होती.

धाकूशेठ पुढे आले. कोयता वर केला.

"फळतंस का तोडू?"

मी गप्प राहिलो. विहिरीवर नाथाने पाय हलवायचा थांबवला.

"फळतंस का तोडू?"

माझ्या डोळ्यांपुढे खिडकी आली. उगवतीकडची. तिच्यात अजून गाय नव्हती.

तिसऱ्यांदा विचारायचं आणि संपवायचं, अशी रीत. धाकूशेठनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. कोयता तसाच वर, आणि ते हळूच म्हणाले, "बोल की. आज तरी बोल."

हे रीतीत नव्हतं. माझ्या लक्षात आलं, की त्यांना फळ नकोच आहे.

"शेठ," मी म्हणालो, "मी नर आहे."

कोयता वरच्या वर राहिला.

"काय?"

"नर. बाप्या."

लाल चंद्र झाडाच्या शेंड्याला टेकल्यासारखा दिसत होता.

"कवापासनं?"

"पहिल्यापासून."

"मंग सगुणाला का नाय सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही. त्या माझ्या वतीनं बोलायच्या."

"ती देते म्हनायची."

"त्या म्हणायच्या. मी ऐकत होतो. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं."

दाराशी तुळसाने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की नव्हती, ते अंधारात कळलं नाही. धाकूशेठनी कोयता खाली घेतला, पण मागे सरले नाहीत.

"तुझी बाईल कुठंय?"

"कोकणात असतील. तिकडे पुष्कळ आहेत. इकडे मला दुसरा रातांबा दिसलेला नाही. ठाण्यापर्यंत तरी नाही."

"मंग यवढा फुलतंस कशाला?"

"सवय आहे," मी म्हणालो.

"दर वर्साला?"

"हो. थंडी पडली की वाटतं."

धाकूशेठ खोडाला पाठ टेकून खाली बसले. कोयता त्यांनी गवतात ठेवला. म्हणाले, "नाथा, आयकलंस?"

"आयकलं. फळनार नाय बोलला."

"फळनार नाय, असं नाय बोलला. बाप्या हाय बोलला."

"म्हंजे तेच."

"तेच कसं? मी फळलो का कवा? मना कोन तोडतं?"

"बाबा, तुमी भिंतीच्या मदी उभे नाय."

"उद्या उभा ऱ्हातो."

नाथा उठला. मला वाटलं तो कोयता उचलणार. तो झाडाजवळ आला आणि बापाकडे न बघता, माझ्याकडेही न बघता, खोडाला म्हणाला, "मंग मे मैन्यात गप का व्हतास? येक मानूस उजाडंपरेंत उभा ऱ्हातो तुझ्यापुढं. त्याच टायमाला सांगायचं ना, बाप्या हाय म्हनून."

तो खरोखरच चिडला होता. मी खिशातल्या फुलाला हात लावला. त्याचा झुबका चुरगळला होता.

"वाटलं," मी म्हणालो, "की आतून कोणीतरी बोलेल."

नाथा तिथेच उभा राहिला. स्टेशनकडची घंटा थांबली. मग चंद्राच्या एका कडेला बारीक पांढरी रेघ उमटली, कोणी काडी ओढावी तशी, आणि आळीच्या तोंडाशी ग्रहणाचं दान मागणाऱ्यांचे आवाज सुरू झाले. तुळसा आतून म्हणाली, "सुटायला लागलं." नाथा विहिरीकडे वळला आणि पाणी काढू लागला. पहिला हंडा त्याने नेऊन बापाच्या पुढ्यात ठेवला. "उटा, आंगोल करा, थंड वाजंल," एवढंच बोलला. धाकूशेठ उठले तेव्हा त्याने त्यांना दंडाला धरलं. ते आत गेले. दार लागलं. आतून भांड्यांचा आवाज आला, मग बोलण्याचा, दोन माणसांच्या, एकमेकांशी.

मी झाडामागेच होतो. काम संपलं असं मला कोणी सांगितलं नव्हतं. चंद्र अर्धा सुटला, मग पुरा सुटला. अंगणात माझी सावली पडली, आणि तिच्यावर झाडाची. कुठली कोणाची ते ओळखता येत नव्हतं. पण मी हात हलवला तेव्हा एक हात हलला. मग मी दोन पोहरे पाणी अंगावर घेतलं, खोलीत गेलो, उशीवरचं तुळशीचं पान खाल्लं आणि झोपलो.

सकाळी लाकूडतोडे आले. नाथाने त्यांना चहा पाजला आणि बांधावरची वाळलेली बाभूळ दाखवली. चाळ पुढे शिमग्यानंतर उभी राहिली. रातांब्याशी येऊन तिची भिंत आत वळते, वळसा घेते आणि पुन्हा सरळ होते. नवे भाडेकरू विचारतात की इथे देऊळ होतं का. त्या वळशात एक खोली गेली. कोपऱ्याची. उगवतीकडची.

नाथाने मला तसं येऊन सांगितलं. "काय करू, तूच बोललास," म्हणाला. ते खरं होतं. मी पडवीतच राहिलो. कॅलेंडरात सध्या ताजमहाल आहे. गाय बरी होती.

मे महिना आला आणि गेला, रातांब्याला काही आलं नाही. आता कोणी विचारतही नाही. फक्त संध्याकाळी म्हैस बांधून परत येताना धाकूशेठ खोडावर बोटाच्या पेराने टकटक करतात, आणि म्हणतात, "हायेस ना?"

माझ्या खोलीचा कूड तिथून जवळ आहे. मी आतून म्हणतो, "आहे." ते पुढे जातात. ग्रहण असो, नसो.

परवा ठाण्याला वकीलसाहेबांनी उशीर केला आणि मी दिवेलागणीनंतर पोचलो. अंगणातून येताना पाहिलं, तर धाकूशेठ झाडाशी उभे होते. कोयता नव्हता. हात खोडावर होता.

"आज गप हाय," ते मला म्हणाले.

मी पिशवी उरलेल्या विटांवर ठेवली, चपला काढल्या आणि झाडामागे, डाव्या अंगाला जाऊन उभा राहिलो.

"आहे," मी म्हणालो.

"दमलास काय?"

झाडं दमत नाहीत.

"थोडा," मी म्हणालो.